मुदत वाढली, मीटर चालूच राहिलं

मंडळी, ही पोस्ट थोडी लांब आहे, पण खिशाशी संबंध आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षी आम्ही भावांनी गावाकडचा एक प्लॉट विकला. जानेवारी २०२५ मध्ये खरेदीखत झालं. माझ्या वाट्याच्या नफ्यावर, कापलेला टीडीएस वजा जाता, ६० हजार रुपये आयकर निघत होता. "रिटर्न भरताना भरू" असं म्हणून मी निवांत राहिलो. त्यात मे महिन्यात बातमी आली, रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर. ही बातमी मीच आमच्या ग्रुपवर टाकली होती, "घाई नको" असं वर लिहून!

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ६० हजारांचं चलन भरलं आणि रिटर्न भरायला बसलो, तर पोर्टल म्हणतंय अजून ४,२०० रुपये बाकी. मला वाटलं काहीतरी चुकतंय. सीएला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, मुदत रिटर्नची वाढली, पैशाची नाही."

हिशोब असा. वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो त्याच आर्थिक वर्षात आगाऊ भरायचा असतो. माझा हप्ता १५ मार्चला भरायला हवा होता. तो चुकला म्हणून एक टक्का, ६०० रुपये. पुढे १ एप्रिलपासून दरमहा एक टक्का, आणि महिना सुरू झाला की पूर्ण धरायचा. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, ३,६०० रुपये. झाले ४,२००. वर गंमत अशी की भरलेल्या ६० हजारांतून आधी व्याज वळतं होतं, मग कर. म्हणजे कागदोपत्री माझं व्याज फिटलं होतं आणि बाकी होता तो करच! मुकाट्याने दुसरं चलन भरलं आणि रिटर्न पुढे सरकलं.

हे असं का, म्हणून जरा इतिहास चाळला.

भारतात आयकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने सरकारचा खजिना रिकामा झाला होता. तो भरायला जेम्स विल्सन नावाचा गृहस्थ विलायतेतून आला. 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक, म्हणजे आमच्याच धंद्यातला! वर्षाला २०० ते ५०० रुपये कमावणाऱ्याला २ टक्के आणि ५०० च्या वर ४ टक्के, असा त्याने कर बसवला. त्याच वर्षी तो कलकत्त्यात आजाराने गेला. पाच वर्षांनी करही गेला. मग पुन्हा आला, पुन्हा गेला. १८८६ च्या कायद्याने मात्र तो कायमचा मुक्कामाला आला. शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं, ते आजतागायत. ५०० रुपयांची तेव्हाची मर्यादा हजारावर न्या, असं आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी ती हजार झाली.

या सगळ्या काळात रीत साधी होती. यंदा कमवा, पुढच्या वर्षी साहेब आकारणी करील, मग भरा. ही रीत मोडली दुसऱ्या महायुद्धाने. सरकारला पैसा हवा होता आणि महागाईही आवरायची होती. १९४४ मध्ये कायद्यात कलम १८-अ घातलं गेलं. कमवा तसा भरा. आगाऊ कराचा जन्म तो. युद्ध संपलं, इंग्रज गेले, १९६१ चा नवा कायदा आला, पण युद्धासाठी आणलेली ही व्यवस्था राहिली.

व्याज आधीही होतं, पण ते कमी करायचे किंवा माफ करायचे अधिकार अधिकाऱ्याला होते. १९८९ पासून २३४-अ, ब आणि क ही कलमं लागू झाली आणि व्याज आपोआप लागू लागलं. सुरुवातीला दरमहा दोन टक्क्यांपर्यंत होतं, २००३ पासून एक टक्का. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की हे व्याज सक्तीचंच आहे.

या तिघांत 'अ' म्हणजे रिटर्न उशिरा भरल्याचं व्याज. मुदत वाढली की फक्त हे पुढे सरकतं. 'ब' आणि 'क' आगाऊ कराचे, त्यांना मुदतवाढीशी देणंघेणं नाही. आणि कोविडच्या वेळी तर एक लाखाच्या वर कर बाकी असणाऱ्यांना 'अ' मध्येसुद्धा सवलत नव्हती.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी त्यांनाही विचारा. तिकडे अर्ज केला की रिटर्नला १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते, पण कर १५ एप्रिललाच भरायचा. अंदाज कमी पडला तर उरलेल्यावर व्याज आणि वर दंड.

आपल्या मागच्या पिढ्यांना हे सांगावं लागलं नसतं. शेतसाऱ्यात 'सूट' आणि 'तहकुबी' हे दोन वेगळे शब्द होते. सूट म्हणजे माफ, तहकुबी म्हणजे आज नको, पुढे दे. १९१८ चा खेडा सत्याग्रह पेटला तो तहकुबीसाठीच. चार आण्यांपेक्षा कमी पीक आलं तर सारा तहकूब करायचा, असा नियमच होता. आज मात्र 'मुदतवाढ' हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो आणि तिथेच फसतो.

माझी चूक मला मान्य. मार्चमध्ये द्यायचे पैसे मी सप्टेंबरमध्ये दिले, व्याज लागणारच. पण दोन गोष्टी बोलायला हव्यात.

एक, मुदतवाढ जाहीर करताना "आगाऊ कराचं व्याज चालूच राहील" हे एक वाक्य ठळक छापायला काय हरकत आहे? गेल्या वर्षीची मुदत काही आम्ही मागितली म्हणून वाढली नव्हती. फॉर्म बदलले, यंत्रणेला वेळ हवा, असं कारण सरकारनेच दिलं होतं.

दोन, आपण उशीर केला तर महिन्याला एक टक्का. सरकारकडे आपला परतावा अडकला तर आपल्याला मिळतो अर्धा टक्का. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा. भाषा सोपी केली, कलमं कमी केली, ठीक. पण तराजूची दोन्ही पारडी सारखी कधी होणार?

तोवर एवढंच करा. प्लॉट विकला, शेअर विकले, भाडं आलं, कमिशन आलं, तर १५ मार्चच्या आत सीएला एक फोन करा. मुदतवाढीच्या बातमीवर विसंबू नका. मी टाकली असली तरी!