पिळाचा हिशेब : लोटस इलानची चासी

नव्या मोटारीची चासी, सस्पेंशन आणि बॉडी ही कामे तिघांना वेगवेगळी वाटून दिली, की बिघाडाची सुरुवात कागदावरच होते. चाकाला बसलेला धक्का सांगाड्यात कुठे शिरतो आणि तिथून कोणत्या वाटेने पुढे जातो, हा प्रश्न तिघांचाही आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९६२ साली आणलेल्या इलानइतके त्याचे स्वच्छ उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

एकच पुढचे चाक उंचवट्यावर चढले, की सगळ्या गाडीला पीळ बसतो. अशा वेळी स्प्रिंग दबायला हवी, सांगाडा जागचा हलता कामा नये. सांगाडाही वळू लागला, तर तो स्वतःच एक जादा स्प्रिंग होऊन बसतो, आणि तिची थरथर शमवणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कुठेच नसतो. चाकांचे काळजीपूर्वक ठरवलेले कोन बिघडतात. वळणावर किती भार पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्या, हेही सस्पेंशनच्या हाती पुरते उरत नाही. मग स्प्रिंगा कडक करण्याचा मोह होतो. त्याने पीळ आणखी वाढतो आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात.

पिळाला विरोध करण्यात धातूच्या वजनापेक्षा त्याचा आकार जास्त कामाचा. १०० मि.मी. मध्यव्यासाची, २ मि.मी. जाड पत्र्याची नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर पाडा. वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे १,८७५ पटींनी घटतो. बंद नळीचा ताठपणा तिने वेढलेल्या क्षेत्रावर अवलंबून असतो, उघड्या पट्टीचा मुख्यतः पत्र्याच्या जाडीवर. बंद टपाची गाडी ताठ राहते ती याचमुळे. टप काढला, की उरते ते झाकण नसलेले पुठ्ठ्याचे खोके. हातात धरून पिळले, की सहज वळते.

लोटसची आधीची इलीट १९५७ साली लोकांपुढे आली. तिची फायबरग्लासची बॉडीच भार पेलत असे. हे धाडस होते, आणि टप बंद असल्याने ते पेललेही. पण डिफरन्शियल थेट त्या बॉडीला जोडलेले असल्याने त्याचा आवाज आत घुमे. इलानला तर टपच नव्हता. तेव्हा ताठपणा कडेच्या पट्ट्यांत शोधण्याऐवजी गाडीच्या मधोमध आणला गेला. वाकवलेल्या पोलादी पत्र्याची एक पेटी दोन आसनांमधून जाते, पुढे इंजिनाला कवेत घेण्यासाठी दुभंगते आणि मागे सस्पेंशनसाठी पुन्हा फाकते. चाकांचे धक्के थेट या कण्यात उतरतात. फायबरग्लासच्या बॉडीवर मुख्य भार पेलण्याची जबाबदारी उरली नाही, म्हणून तिला हलके राहता आले.

खरी कमाई सस्पेंशनमध्ये दिसते. पुढे दोन विशबोन, मागे स्ट्रट आणि खाली रुंद विशबोन. स्प्रिंगा मात्र स्पोर्ट्स कारच्या मानाने मऊ आणि चाकाला वरखाली व्हायला भरपूर वाव. ताठ कण्याविना हा मऊपणा गाडी हाताळताना महागात पडला असता. हलक्या गाडीला एरवी आणखी एक अडचण असते : दोन माणसे बसली, की एकूण वजनात मोठी भर पडते आणि मऊ स्प्रिंगा खाली बसतात. इलानमध्ये दोघेही दोन आसांच्या मध्ये बसतात, त्यामुळे ही भर निदान एकाच टोकावर पडत नाही. गाडीच्या वागण्याची जी स्तुती होते, तिचे मूळ मला या जुळणीत दिसते. नुसत्या स्प्रिंगा बदलून ते साधले नसते.

या रचनेला किंमतही मोजावी लागली. चासीचा पुढचा आडवा भाग पोकळ होता, आणि वर उघडणाऱ्या हेडलाइटसाठी लागणारी निर्वात पोकळी तिथेच साठवली होती. एक भाग दोन कामे करतो हे सुंदरच. पण तो गंजून गळू लागला, की दिवेही वर टिकत नाहीत. मोठी उणीव मात्र बाजूची. कणा मधोमध असल्याने आडव्या धडकेत दाराशेजारी बसलेल्याला त्याचा आधार नाही. १९९६ च्या इलीझमध्ये लोटसने चिकटवून जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बंद पेट्या दोन्ही कडांना नेल्या. तिच्या रुंद, उंच उंबऱ्यावरून आत शिरताना गुडघे चांगलेच दुमडावे लागतात.