भूमीच्या पोटात

जुने कागद वाचण्याची मला खोड आहे, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच दोन वर्षांमागे ऐन दिवाळीत माझा पुतण्या फराळाचे ताट बाजूला सारून कागदांची चळत घेऊन बसला. कारंज्याला एक बंद पडलेला कापसाचा जिन विकायला निघाला होता. तेथे त्याला गोदाम काढायचे होते. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला होता. सातबारा, फेरफार, बोजा, सारे निर्वेध होते. "काका, तुम्हीही एकदा नजर टाका. आयुष्याची कमाई लावतोय," तो म्हणाला.

कागद चोख होते. पण मला आठवण झाली ती आमच्या वाशीमला १९३९ साली उजेडात आलेल्या ताम्रपटाची. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, एक गाव दान दिले, त्याचा हा लेख. वाकाटकांच्या दानपत्रांच्या रिवाजाप्रमाणे भूमीतल्या निधीचा हक्कही त्यात दिला आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीसुद्धा जमीन देताना तिच्या पोटात काय आहे, याचा विचार होत होता. फरक इतकाच, की तेव्हा मनात धन होते!

धनाखेरीज दुसरेही काही असू शकते, हे वराहमिहिराने सहाव्या शतकात सांगून ठेवले आहे. बृहत्संहितेत तो म्हणतो, हातभर खड्डा खणून त्याच मातीने भरावा. माती उरली तर भूमी उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. हाडे, लोखंड, कोळसा, राख यांना तो भूमीतले शल्य मानतो. त्याची फळे आपण मानू नयेत. पण घेण्यापूर्वी खणून पाहावे, ही सवय मोलाची आहे.

आता जिनच्या जमिनीत शल्य कोठले? वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेने विलायतेला जाऊ लागला, तसे जिन उभे राहिले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला अरुंद रुळांची गाडी गेली. बाष्पयंत्रांमागे राख साचली, पुढच्या यंत्रांचे तेल मातीत मुरले. छपरावर अॅस्बेस्टॉसचे पत्रे चढले. ते फुटले की त्यांची तूस फुफ्फुसात जाते.

आम्ही दोघे जागा पाहायला गेलो. तेथल्या एका म्हाताऱ्या हमालाने, कोणी न विचारता, मागची पडवी दाखवली. "जिन बंद पडल्यावर इथं फवारनीचं औषध ठेवत. डबे फुटत, आमी माती टाकून झाकत होतो." पडवीपासून वीस पावलांवर विहीर होती आणि शेजारची चार घरे तिचे पाणी पीत होती.

हे कोणत्या सातबाऱ्यावर लिहिलेले असते?

अमेरिकेत नायगारा फॉल्स येथे तर ते खरेदीखतातच लिहिलेले होते. रसायनांच्या कचऱ्याने भरलेला एक कालवा १९५३ साली तेथल्या शाळा मंडळाने एका डॉलरला घेतला. शाळा झाली, वस्ती झाली. १९७८ साली घरे सोडून लोकांना निघावे लागले. मग १९८० साली कायदा झाला आणि विकत घेण्याआधी जागेची अशी तपासणी करण्याची रीत तेथे रुळली. आपल्याकडेही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगावाच लागतो.

पुतण्याने माती आणि पाणी प्रयोगशाळेत पाठवले. मातीत औषधाचा अंश निघाला. पाण्यात अजून नव्हता. त्याने सौदा मोडायचे ठरवले. मी म्हणालो, "मोड खुशाल, पण गप्प राहून मोडू नकोस. तू वाचशील, ती चार घरे कशी वाचतील?"

अहवाल मालकापुढे आणि शेजाऱ्यांपुढे ठेवला. मालक ओशाळला. अखेर त्याच्याच खर्चाने ती माती काढून घातक कचऱ्यासाठी असलेल्या बुटीबोरीच्या केंद्राकडे गेली, मगच खरेदीखत झाले. यंदा पुतण्याने गोदामात लक्ष्मीपूजन केले. पहिली पणती मात्र त्याने विहिरीच्या काठावर ठेवली.