प्रवरेच्या गाळात

चपला काठावर काढा. कोल्हारच्या पुलावरून नगर-मनमाड रस्त्याची वाहनं धडधडत निघाली आहेत. तो आवाज मागे राहू द्या. प्रवरेत एक पाऊल टाकलंत, की पूल नाही. दुसरं टाकलंत, की ऊस नाही. आता काठाकाठाने पूर्वेला चालत राहा. मातीची घरं दिसू लागली, तांबड्या रंगावर काळ्या रेघा ओढलेलं तोटीचं भांडं घेऊन एक मुलगी पाण्याला आली, की समजा, दायमाबाद आलं. तुम्ही 3,300 वर्षं मागे आला आहात.

वैशाख आहे. नदी वाहत नाही, डोहाडोहांत साचून आहे. तळव्याखाली गाळ थंडगार लागतो आणि त्यात काहीतरी गोल, टणक. हात घालून अलगद उचला.

पोळपाटाएवढं कासव. पाठ हिरवट-तपकिरी, बोट फिरवा, खवल्यांच्या चौकटी लागत नाहीत, सगळीकडे गुळगुळीत कातडं. नाक पुढे आलेलं, नळीसारखं. पायाला पडदे आणि तीन-तीन नखं. आता पोटाकडे बघा: ते मान आत ओढतं, पोटकवचाची पुढची बाजू दारासारखी वर येते. मागचे पाय आत गेले, की दोन मांसल झडपा त्यांच्यावर मिटतात. भारतात हे फार ठिकाणी आढळतं. शास्त्रज्ञ त्याला लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. गोगलगाई, बेडूक, किडे, मासे, पाणवनस्पती, मेलेलं जनावरसुद्धा, त्याला सगळं चालतं. पाणी आटलं, की ते गाळात शिरतं आणि महिनोन्महिने तिथेच पडून राहतं, पावसाची वाट बघत. तुम्ही त्याला झोपेतून उठवलंत. जिथून उचललंत तिथेच ठेवा.

परत फिरा. 1926. वर भंडारदऱ्याचं धरण पुरं झालंय. पाट आले, चाऱ्या आल्या, आवर्तन सुटलं की रात्री दारं धरणारे कंदील आले. माणसाने वळवलेल्या पाण्यामागे कासवही चारीत, तळ्यात, विहिरीत जातं. 1974. दायमाबादच्या मातीतून रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस निघतात, तांब्या-काशाच्या मूर्ती. त्यांत कासव नाही, याची मला फार हळहळ वाटते. ते तर त्या सगळ्यांच्या पायाखालीच होतं.

आणि आज. पाटाला काँक्रीट, शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर. पाणी काठोकाठ, पण नखं रुतवायला जागा कुठे? नदीतली वाळू उपसली, की काठाचा गाळही ढासळतो. आपण पाण्यासाठी भांडतो, गाळासाठी कुणी बोलत नाही. ह्या जिवाला मात्र दोन्ही लागतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. हे कासव घरी पाळणं, विकणं गुन्हा आहे. विहिरीचं पाणी निवळावं म्हणून त्यात आणून सोडू नका. बांधीव विहिरीच्या भिंतीवर त्याला चढता येत नाही.

चपला घाला. शेवटच्या आवर्तनाचं पाणी ओसरलेली ती मातीची चारी बघा, अजून अस्तर न लागलेली. भेगाळलेल्या चिखलात सुपारीएवढं भोक आहे. जरा वाकून बघा. आत ते नळीसारखं नाक आहे, ओलसर.