अर्ध-एल्फ कुठे गेला? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या नियमांत मिश्र वंशाच्या पात्रांचं काय झालं?

‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम २०२३ मध्ये आला आणि त्यातली शॅडोहार्ट हे पात्र जगभर गाजलं. शॅडोहार्ट ही हाफ-एल्फ, म्हणजे अर्धी माणूस आणि अर्धी एल्फ. पण हा गेम ज्या खेळावरून बेतला आहे, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं २०२४ चं नवं नियमपुस्तक उघडलं, तर पात्रांच्या यादीत हाफ-एल्फ नाही. हाफ-ऑर्कही नाही. हे दोघे गेले कुठे? आणि ते गेल्याने एवढा वाद का झाला?

आधी खेळ समजून घेऊ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (थोडक्यात डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून खेळायचा, गोष्ट रचण्याचा खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेतात. ‘मी दरीवरून उडी मारतो’ असं तुम्ही म्हणायचं आणि जमलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं.

प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर नाव, पेशा, ताकद, बुद्धी अशा नोंदी असतात. त्यातलाच एक रकाना म्हणजे पात्र कोणत्या कुळातलं आहे : माणूस, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क वगैरे. पात्राला अंधारात दिसतं का, त्याच्यावर जादूचा परिणाम कसा होतो, हे या रकान्यावरून ठरतं. सगळा वाद याच रकान्याचा आहे.

‘अर्धा’ हा शब्द आला कधी?

हाफ-एल्फ १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याच्याबरोबर हाफ-ऑर्कही होता. या दोघांना मिळालेली वागणूक मात्र सारखी नव्हती. हाफ-एल्फ देखणा आणि दोन्ही जगांत वावरणारा. हाफ-ऑर्कबद्दल पुस्तक असं गृहीत धरत होतं की, खेळाडूचं पात्र हे त्यांच्यातल्या ‘वरच्या’ दहा टक्क्यांतलं आहे, म्हणजे माणूस म्हणून खपून जाईल असं. त्या काळी बहुतेक पेशांत माणसांखेरीज इतरांच्या प्रगतीला मर्यादा असे. हाफ-ऑर्कला पुरोहित म्हणून चौथ्या पायरीच्या वर जाता येत नसे. मर्यादा नव्हती ती मारेकऱ्याच्या पेशात.

पुढे १९८९ च्या आवृत्तीत हाफ-ऑर्क मुख्य पुस्तकातून गेला आणि २००० मध्ये परत आला. परत येताना त्याची ताकद दोनने वाढलेली होती, पण बुद्धी आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव प्रत्येकी दोनने कमी होता. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत असे उणे गुण उरले नाहीत. याच आवृत्तीत हाफ-एल्फ सर्वाधिक लाभदायक पर्यायांपैकी एक ठरला. त्याला एल्फांकडून अंधारात पाहण्याची शक्ती आणि मोहिनीविद्येपासून संरक्षण मिळे, शिवाय हवी ती दोन कौशल्यंही निवडता येत.

मग तो काढला का?

२०२० च्या जूनमध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या प्रकाशक कंपनीने मान्य केलं की, खेळातल्या काही कुळांचं चित्रण खऱ्या जगात काही समाजांची जशी बदनामी केली जाते, त्याच्या जवळ जाणारं होतं. त्याच वर्षी ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने कुळावरून मिळणारे गुण हवे तसे हलवण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केलं की, ‘रेस’ (वंश) हा शब्द जाऊन ‘स्पीशीज’ (प्रजाती) येणार. २०२३ मध्ये नियमांचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी सांगितलं की, एखाद्याला ‘अर्धा’ म्हणण्याची ही पद्धतच मुळात वंशवादी आहे, म्हणून ती नव्या पुस्तकात असणार नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुस्तक आलं. त्यात दहा प्रजाती आहेत. त्यांत पूर्ण ऑर्क आहे, पूर्ण एल्फ आहे, पण दोघांमधला कुणी नाही.

शब्द गेला, त्याबरोबर आणखी काय गेलं?

खरा पेच इथे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने चाचणीसाठी जो मसुदा खुला केला, त्यात मिश्र संततीचा नियम होता. दोन पालकांपैकी एकाचे नियम घ्यायचे, रूप दोघांचं मिसळायचं आणि आयुष्य दोघांची सरासरी काढून धरायचं. एल्फ ७५० वर्षं जगतो आणि माणूस ८० वर्षं, तर त्यांचं मूल ४१५ वर्षं जगेल. हा नियम सगळ्या जोड्यांना लागू होता, म्हणजे ड्वार्फ आणि ऑर्क यांचं मूलही चाललं असतं. पण अंतिम पुस्तकात हा नियम आला नाही.

त्यामुळे टीका दोन बाजूंनी झाली. काहींना बदलच नको होता. पण मिश्र कुटुंबांत वाढलेल्या काही खेळाडूंची तक्रार वेगळी होती. ‘अर्धा’ हा शब्द त्यांनाही खुपत होता, पण त्या रकान्यात त्यांना स्वतःसारखं कुणीतरी दिसत होतं. अपमान पुसताना माणूसही पुसला गेला, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे म्हणतात तसं, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला.

इतरांनी काय केलं?

‘पाथफाइंडर’ हा याच प्रकारचा दुसरा मोठा खेळ आहे. त्याच्या नोव्हेंबर २०२३ च्या ‘प्लेयर कोर’ पुस्तकाने ‘अर्धा’ हा शब्द काढला, पण पात्रं ठेवली. एल्फ वारसा असलेल्यांना ‘आयुव्हारिन’ आणि ऑर्क वारसा असलेल्यांना ‘ड्रोमार’ अशी स्वतंत्र नावं दिली. पात्र दोन्ही बाजूंची वैशिष्ट्यं घेऊ शकतं. ‘लेव्हल अप’ या २०२१ च्या खेळाने तर रकानाच दुभागला : जन्माने काय मिळालं ते वेगळं आणि कोणत्या संस्कृतीत वाढलात ते वेगळं.

डी अँड डीच्याच ‘एबेरॉन’ या काल्पनिक जगात हाफ-एल्फ स्वतःला पूर्वीपासून ‘खोरावार’ म्हणवतात. त्यांचं स्वतःचं नाव आहे, स्वतःचा समाज आहे. २०२५ च्या एबेरॉन पुस्तकात याच नावाने ही प्रजाती परत आली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही

भीम आणि हिडिंबेचा मुलगा घटोत्कच घ्या. बाप पांडव, पण तो वाढला वनात, आईकडे. २०२२ च्या मसुद्याने विचारलं असतं, ‘एक निवडा, माणूस की राक्षस?’ महाभारतात तो दोन्हीही आहे. राक्षसाची माया त्याच्याकडे आहे आणि युद्धात तो पांडवांच्या बाजूने उभा राहतो.

खऱ्या आयुष्यात हाच प्रश्न कागदपत्रांवर येतो. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात कोणती धरायची? २०१२ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, मूल वडिलांच्या जातीचं असं गृहीत धरता येईल, पण ते अंतिम नाही. आई अनुसूचित जाती-जमातीची असेल, मूल तिच्याकडे, तिच्या समाजात वाढलं असेल आणि त्याने तीच वंचना सोसली असेल, तर ते पुराव्याने दाखवण्याची संधी मुलाला मिळाली पाहिजे. खेळ आणि कायदा यांची बरोबरी होत नाही. पण जन्म मोजायचा की वाढ, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

तुमच्या टेबलावर काय कराल?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात दिवाळीच्या सुट्टीत चार मित्र खेळायला बसले. नियम मोबाईलवर इंग्रजीत आणि बोलणं मराठीत. ‘हाफ-एल्फ’ला काय म्हणायचं? ‘संकरित’ म्हटलं की ज्वारीचं बियाणं नाहीतर गाय आठवते. त्यापेक्षा ‘याचं आजोळ एल्फांचं’ हे मराठीत सहज बसतं आणि त्यात कुणी अर्धं होत नाही.

२०२४ चे नियम वापरत असाल तर :

• आई किंवा बाप, एकाच्या प्रजातीचे नियम घ्या. रूप, नाव आणि रीतीभाती दोघांच्या ठेवा.
• पात्र कुठे वाढलं ते ‘बॅकग्राउंड’मधून दाखवा. नव्या नियमांत ताकद, बुद्धी वगैरेंची वाढ आता तिथूनच मिळते.
• सामायिक भाषेशिवाय आणखी दोन भाषा निवडता येतात. त्यातली एक आजोळची घ्या.
• जुना हाफ-एल्फच हवा असेल तर २०१४ चे नियम चालतात. फक्त त्यातली गुणवाढ सोडून द्या, ती बॅकग्राउंडमधून घ्या. हे पात्र ‘एसआरडी ५.१’ या मोफत दस्तऐवजातही आहे.
• दोन्ही बाजूंची वैशिष्ट्यं मिसळायची असतील तर डंजन मास्टरशी आधी बोला. एक शक्ती घेतली तर एक सोडा, म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होणार नाही.

खेळ सुरू होण्याआधी त्या पात्राच्या खेळाडूला एक प्रश्न जरूर विचारा : आजोळी गेल्यावर याला काय म्हणून हाक मारतात? २०२४ च्या पुस्तकात यासाठी रकाना नाही, पण कागदाच्या मागच्या बाजूला उत्तर लिहायला जागा आहे.