पाटी-पेन्सिलीची निवडणूक

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कर्णे, झेंडे, हारतुरे आणि उशिरापर्यंत रंगलेल्या सभा उभ्या राहतात. मग ती दिल्लीची असो, मुंबईची असो, नाही तर गावच्या सोसायटीची असो. परंतु शाळा कोठे बांधावी, फी किती घ्यावी, मास्तर कोण नेमावा आणि पोरे वर्गात कशी आणावीत, एवढ्याचपुरते एखाद्या शहराने आपले कारभारी वेगळे निवडावेत, आणि त्या निवडणुकीतून शास्त्रज्ञ, सुतार, पाद्री, डॉक्टरीणबाई आणि हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय अशी मंडळी एका पंक्तीला येऊन बसावीत, हे ऐकायला जरा अजबच वाटते. असला प्रकार इंग्लंडात बत्तीस वर्षे चालला. आपल्याकडील वयस्क माणसांच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ हा शब्द अजून आहे. त्या बोर्डाचे कुळ शोधू गेल्यास त्याचे धागेदोरे याच घराण्यापर्यंत पोचतात. तेव्हा फराळाचे ताट पुढे आहे तोवर ही हकीकत वाचकांना सांगून टाकावी म्हणतो.

गोष्ट सुरू होते १८७० साली. तोपर्यंत इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळा मुख्यतः निरनिराळ्या धर्मपंथांच्या संस्था चालवीत आणि सरकार त्यांना अनुदान देई. जेथे वर्गणी जमे तेथे शाळा उभी राही. जेथे न जमे तेथली पोरे रस्त्यावर, नाही तर कारखान्यात. विल्यम फॉर्स्टर या मंत्र्याने पार्लमेंटात शिक्षणाचे बिल आणले आणि ९ ऑगस्ट १८७० रोजी त्याचा कायदा झाला. जेथे शाळा अपुऱ्या असतील तेथे लोकांनी दर तीन वर्षांनी स्कूल बोर्ड निवडावे आणि बोर्डाने घरपट्टीत आपला वाटा बसवून त्या पैशातून शाळा काढाव्यात, अशी ती योजना होती. बोर्डाच्या शाळेत कोणत्याही एका पंथाची खास धार्मिक प्रश्नोत्तरी शिकवू नये, असेही एक कलम घातले होते. त्या कलमावरून जे वाग्युद्ध झाले त्याचे चऱ्हाट येथे लावीत नाही.

या कायद्यातली खरी मेख दुसरीकडेच होती. पार्लमेंटच्या निवडणुकीत तेव्हा स्त्रियांना मत नव्हते. ते मिळायला १९१८ साल उजाडावे लागले. पण स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत स्वतःच्या नावावर पट्टी भरणाऱ्या बाईला मत होते, आणि याहून मोठे म्हणजे, बाईला उभेही राहता येत होते. उमेदवाराला जमीनजुमला लागत नसे. पार्लमेंटसाठी मतदार तेव्हा चारचौघांत तोंडाने मत सांगे. गुप्त मतदानाचा कायदा १८७२ चा. लंडनच्या बहुतेक भागांत मात्र स्कूल बोर्डासाठी दोन वर्षे आधीच गुप्तपणे मते घेतली गेली. म्हणजे पोरांच्या शाळेच्या निमित्ताने थोरांच्या राजकारणाची रंगीत तालीमच झाली म्हणा ना.

लंडनच्या बोर्डात ४९ जागा होत्या आणि शहराचे दहा विभाग होते. २९ नोव्हेंबर १८७० रोजी मतदान झाले. मॅरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट नावाची चौतीस वर्षांची बाई उभी होती. इंग्लंडात शिकून डॉक्टरीचा परवाना मिळवणारी ही पहिली स्त्री. परवाना तिने १८६५ साली मिळवला आणि १८६६ पासून गरीब बायका-मुलांसाठी दवाखाना चालवला. (आपल्या आनंदीबाई जोशांनी फिलाडेल्फियात पदवी घेतली ती १८८६ साली, हे वाचकांना आठवत असेलच.) बोर्डासाठी उभे राहा, असा आग्रह तिला कोणी करावा? त्याच भागातल्या कामकरी लोकांनी. त्यांच्या बायका त्या दवाखान्यात औषधपाण्याला जात होत्या. निकाल लागला तेव्हा गॅरेटबाईंना ४७,८५८ मते पडली होती. साऱ्या लंडनात कोणाही उमेदवाराला एवढी मते नव्हती. त्याच विभागात त्यांच्या खालोखाल निवडून आले ते थॉमस हक्स्ले, डार्विनच्या मताचे जगप्रसिद्ध कैवारी. त्यांची मते होती १३,४९४! गॅरेटबाईंच्या प्रचारसमितीचे अध्यक्ष जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ होते. पुढच्याच फेब्रुवारीत बाईंनी त्यांच्याशी लग्न केले, तेव्हा प्रचार सर्वांगांनी फळला म्हणावयाचे.

ग्रिनिचमधून एमिली डेव्हिस आल्या. मुलींसाठी कॉलेज काढून बसलेल्या त्या करड्या शिस्तीच्या बाई. मँचेस्टरच्या बोर्डावर लिडिया बेकर निवडून गेल्या आणि १८९० साली मरेपर्यंत तेथे टिकल्या. फिन्सबरीतून बेंजामिन लुक्राफ्ट हा लाकूडकामावर पोट भरणारा कारागीर आला. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण? लॉर्ड लॉरेन्स! सत्तावन सालच्या बंडात पंजाब ताब्यात ठेवणारे, १८६४ ते १८६९ हिंदुस्थानावर व्हाइसरॉय म्हणून हुकमत चालवणारे तेच हे लॉरेन्स. येथल्या कोट्यवधींपैकी एकाचेही मत त्यांना कधी मागावे लागले नव्हते. तिकडे घरपट्टी भरणाऱ्यांच्या मतांवर निवडून येऊन ते सुतारापासून डॉक्टरणीपर्यंत सर्वांची भाषणे ऐकत बसत. हे दृश्य पाहायला आपल्याकडचे कोणी तेथे असायला हवे होते.

मतांचे आकडे एवढे फुगलेले कसे, असे कोणी विचारील. मतदानाची रीतच तशी होती. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला, आणि ती सगळी एकाच्याच पारड्यात टाकण्याची मुभा. मॅरिलबोनला सात जागा, म्हणजे एका माणसाची सात मते. लहान गटाचा निदान एक तरी माणूस आत यावा हा हेतू. पण या रीतीने भल्याभल्यांना गणित शिकवले. बर्मिंगहॅममध्ये पंधरा जागांसाठी लिबरल पक्षाने ऐटीत पंधराच्या पंधरा उमेदवार उभे केले आणि मते इतकी पसरली की त्यांचे अवघे सहा आले. चर्चच्या पक्षाने आठच उभे केले आणि बहुमत खिशात घातले. उरलेली जागा मोजक्या मतदारांची एकवट मते घेऊन एका कॅथॉलिक पाद्रीबोवांनी पटकावली. १८७३ साली लिबरलांनी शहाणे होऊन बहुमत मिळवले आणि जोसेफ चेंबरलेन बोर्डाचे अध्यक्ष झाले. ही रीत पुढे आपल्याकडेही आली होती. १९३७ साली मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवाराला देता येत.

असो. निवडून येणे सोपे, पुढचे काम अवघड. बोर्डाला पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करण्याचा अधिकार होता. लंडनच्या बोर्डाने तो वापरायचा ठरवला आणि घरोघर हजेरीचे अधिकारी धाडले. दारावर थाप पडली की आईच्या पोटात गोळा येई. थोरली मुलगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण घेणार? मुलगा आठवड्याला चार पैसे आणतो ते कोण आणणार? मूल धाडले नाही तर पाच शिलिंगांपर्यंत दंड, आणि धाडले तर दर आठवड्याला फीच्या पेन्या मोजायच्या. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या आम्हा लोकांना हजेरीपट नेहमी पोरांच्या आळसाचा वाटतो. त्या पटावर घरातल्या चुलीचा हिशेबही लिहिलेला असतो हे बोर्डाच्या सभासदांना कळले ते या अधिकाऱ्यांच्या अहवालांमुळे आणि दर तीन वर्षांनी त्याच गल्ल्यांत मते मागायला जावे लागे म्हणून. दंड केलेल्या बापाच्या दारात पुन्हा उभे राहणे हे शिक्षण काही लहानसहान नव्हे.

या साऱ्या इतिहासात माझे मन जेथे अडते ती निवडणूक १८८८ सालची. लंडनच्या पूर्वेकडच्या टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीत ॲनी बेझंट उभ्या राहिल्या. त्याच वर्षी जुलैत तेथल्या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या पोरींचा संप झाला होता आणि बाईंची लेखणी त्यांच्या बाजूने तळपली होती. पण त्यांच्या नावावर दुसरेही खाते होते. धर्म सोडलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, संततिनियमनाचे पुस्तक छापल्याबद्दल कोर्टात उभी केलेली ही बाई. १८७८ साली न्यायाधीशाने, असल्या आईपाशी मूल ठेवणे योग्य नव्हे, असे म्हणून त्यांची लहानगी मेबल त्यांच्याकडून काढून घेतली होती. त्यानंतर दहा वर्षांनी निवडणुकीत हे सारे उकरून काढण्यात आले. आणि तरी टॉवर हॅम्लेट्सच्या मतदारांनी त्या विभागात सर्वांत अधिक मते देऊन त्यांना निवडले. जिला स्वतःची एक मुलगी सांभाळण्यास कोर्टाने नालायक ठरवले होते, तिच्या हाती त्या लोकांनी आपल्या हजारो मुलांच्या शाळा दिल्या.

बेझंटबाई तीनच वर्षे बोर्डावर होत्या, पण बसून राहिल्या नाहीत. उपाशी पोराला धडा कळत नाही, म्हणून शाळेत जेवण द्या. फी काढून टाका. बोर्डाच्या इमारतींचा आणि छपाईचा मक्ता घेणारा आपल्या मजुरांना रास्त मजुरी देत असला तरच त्याला काम द्या. अशा मागण्यांनी त्यांनी सभा गाजवल्या. मजुरीचा ठराव १८८९ साली बोर्डाने मान्य केला. १८९१ साली कायदा होऊन इंग्लंडातल्या बहुतेक प्राथमिक शाळांतून फी गेली. त्या साली बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. थिऑसॉफीचे वेड लागले होते. १८९३ साली त्या हिंदुस्थानात आल्या, आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. होमरूलच्या बेझंटबाई आपल्याला ठाऊक आहेत. पण लोकांनी मते देऊन त्यांना पहिली खुर्ची दिली ती स्कूल बोर्डाची, हे सहसा कोणी सांगत नाही.

बोर्डांचा अंत झाला तो मात्र कोणा विरोधी पुढाऱ्याच्या गर्जनेने नव्हे, एका ऑडिटरच्या आक्षेपाने! लंडनच्या बोर्डाने मोठ्या मुलांना विज्ञान आणि चित्रकला शिकवण्यावर पट्टीचा पैसा खर्च केला. कॉकर्टन नावाच्या ऑडिटरने हा खर्च प्राथमिक शिक्षणात बसत नाही म्हणून नामंजूर केला आणि १९०१ साली वरच्या कोर्टानेही त्याचीच बाजू उचलून धरली. ऑडिट काय चीज आहे हे शाळेत नोकरी केलेल्याला वेगळे सांगायला नको. त्याची संधी साधून १९०२ साली बाल्फोरच्या सरकारने बोर्डे मोडली आणि शाळा कौंटी व शहरांच्या कौन्सिलांकडे दिल्या. लंडनचे बोर्ड १९०४ साली संपले. तोवर त्याने पाच लाखांवर मुलांची सोय केली होती. खेड्यापाड्यांतली लहान बोर्डे दुबळी होती, चर्चच्या शाळा पैशावाचून कुचंबत होत्या, हे खरे. कारभार एका छपराखाली आला, तोही सोयीचा. पण कौन्सिलांवर स्त्रियांना निवडून जाता येत नव्हते! लोकांच्या मतांनी आलेल्या बायका घरी गेल्या आणि शिक्षण समितीत नेमणुकीने येणे एवढेच त्यांच्या हाती राहिले. कौन्सिलाचे दार त्यांना उघडले ते १९०७ साली.

आता आपल्याकडे पाहू. हंटर कमिशनपुढे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागणे मांडले. त्याच कमिशनने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे व म्युनिसिपालट्यांकडे सोपवण्याची शिफारस केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल मांडले, तेव्हा इंग्लंडचा १८७० चा कायदा त्यांच्यापुढे होता. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही स्थानिक संस्थेने मागितले आणि सरकारने मान्य केले तरच सक्ती, इतके ते मवाळ बिल. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातल्या म्युनिसिपालट्यांपुरता कायदा झाला, आणि १९२३ साली रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डे व म्युनिसिपालट्यांच्या स्कूल बोर्डांकडे आला.

येथे एक फरक झाला आणि तो मला मोठा वाटतो. आपण इंग्रजांची सक्ती घेतली, बोर्ड घेतले, हजेरीपट घेतला. पण पाटी-पेन्सिलीची ती वेगळी निवडणूक घेतली नाही. आपल्या स्कूल बोर्डाचे सभासद लोक थेट निवडीत नसत. आधीच निवडून आलेली लोकल बोर्डाची वा म्युनिसिपालटीची मंडळी ते निवडीत. म्हणजे रस्ते, गटारे, पाणी या सगळ्या वादांतून गाळून जे उरे ते शाळेच्या वाट्याला. अशा गाळणीतून एखादी गॅरेट वा एखादी बेझंट कशी खाली उतरावी? १९४७ च्या कायद्यातून आलेली जिल्हा स्कूल बोर्डे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्यावर गेली आणि शाळा परिषदेच्या शिक्षण समितीच्या देखरेखीखाली आल्या.

अलीकडे, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समित्या आल्या आहेत. त्यांत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. निवड पालकसभेत होते. आमच्या शाळेत त्या सभेला सतरंज्या कमी पडल्याचे मला आठवत नाही. गेल्या खेपेला ज्या आल्या त्यांत आयाच अधिक होत्या. दोघींनी खिचडीतल्या डाळीबद्दल विचारले, हेडमास्तरांनी साठ्याची वही दाखवली, ती त्यांनी तारखेसकट वाचली, आणि सही करून त्या कामावर गेल्या.