धवळे, धवलेरी आणि विद्यापीठ

१/ चारोटी नाक्यावरून जव्हारच्या रस्त्याला लागले की कासा येते. डहाणू तालुक्यातील या परिसरात वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. भिंतीवर चौक रेखाटला जातो, त्यात पालघट देवी अवतरते आणि धवलेरीच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. तिच्यापाशी पोथी नसते, सारे मुखोद्गत.

२/ आता तेराव्या शतकात जाऊ. महानुभाव पंथातील महदाइसा गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचते. त्यांचे नाव ‘धवळे’. मराठीची आद्य कवयित्री म्हणून विद्यापीठांत आज तिचा अभ्यास होतो.

३/ प्रसंग लग्नाचा, गाणारी स्त्री, शब्दही तोच. तरी एकीचे गाणे ‘प्राचीन मराठी वाङ्मय’ ठरले आणि दुसरीचे ‘लोकसाहित्य’. असे का झाले, याचे उत्तर विद्यापीठाच्या इतिहासात सापडते.

४/ मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा वगळण्यात आल्या आणि संस्कृतादी अभिजात भाषांना स्थान मिळाले. या भाषांत पदवीच्या अभ्यासाला पुरेल असे वाङ्मयच नाही, असा आक्षेप होता. महाराष्ट्राच्या विद्यापीठात मराठीच दाराबाहेर राहिली.

५/ याच विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक महादेव गोविंद रानडे. मराठीला पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून ते अखेरपर्यंत झटले. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा इंग्रजीत लिहिला. भाषेपाशी ग्रंथसंपदा आहे, हे आधी सिद्ध करावे लागत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या अभ्यासक्रमात मराठी आली.

६/ महदाइसेचे धवळे तेव्हाही सामान्य वाचकाला अपरिचित होते. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. वि. का. राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांनी त्या लिप्यांचा उलगडा केला आणि मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ नव्याने लिहावा लागला. म्हणजे ‘साहित्य’ ही यादी कधीच पूर्ण नव्हती. कोणीतरी वाचायला शिकले, तेव्हा ती वाढली.

७/ मौखिक परंपरेलाही पुढे जागा मिळाली. दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ मध्ये आले आणि लोकसाहित्य हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला. हा मोठा लाभ होता. पण त्यात एक उणीवही होती. लोकसाहित्यात रचनाकाराचे नाव बहुधा नसते. गाणे नोंदले जाते, गाणारी अनामिक राहते.

८/ डहाणू-तलासरीचा वारली मराठी साहित्यात ठळकपणे आला तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मधून. १९४५ च्या वारली उठावाची ही कहाणी; तिला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वारली तिचा नायक आहे, लेखणी मात्र त्याच्या सहकाऱ्याची आहे.

९/ त्याच सुमारास चौकाचे नशीब पालटले. १९७० च्या दशकात वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले आणि २०११ मध्ये पद्मश्री झाले. चित्रकाराला नाव मिळाले. त्याच चौकासमोर गाणारी धवलेरी मात्र अनामिकच राहिली.

१०/ विद्यापीठीय शिक्षणातून लेखक घडू शकतो का? औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय याचे उत्तर देते. डॉ. आंबेडकरांनी ते १९५० मध्ये सुरू केले. म. ना. वानखेडे यांनी तेथे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे लक्ष वेधले, गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. सर्जनशील लेखनाची वेगळी पदवी तेथे नव्हती. पण ज्यांच्या घरात पाटी आली नव्हती, त्यांना लिहिण्याचे बळ आणि छापण्याची जागा मिळाली. दलित साहित्याच्या उभारणीत या परिसराचा मोठा वाटा आहे.

११/ आज तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. ज्या विद्यापीठाने एकेकाळी मराठीला वगळले, त्याचीच पदवी वारली घरातील मुलगी आता आपल्या तालुक्यात घेऊ शकते.

१२/ ती महदाइसेचे धवळे वाचेल, तेव्हा लग्नघरातील आवाज तिला ओळखीचा वाटण्याची शक्यता आहे. त्या क्षणी तिच्याकडे वर्गातील इतर कोणापाशी नसलेले ज्ञान असेल. उत्तरपत्रिकेत त्याला गुण मिळतील का, हा रानड्यांच्या काळातलाच प्रश्न आहे. फक्त दाराबाहेर उभे असलेले आता बदलले आहेत.