ग्रंथाचें वय

मनुष्याप्रमाणें ग्रंथासही वय असतें. भेद इतकाच कीं, मनुष्याचें वय त्याच्या मुद्रेवर दिसतें आणि ग्रंथाचें वय मुखपृष्ठामागील एका बारीक ओळींत दडलेलें असतें. ती ओळ आधीं वाचावी हें शिक्षण आम्हांस धुळ्यानें दिलें. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देहान्त ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला; त्यांच्या नांवानें तेथें उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळांत ज्यानें चार दिवस दप्तरें चाळलीं असतील, त्यास कागद हातीं येतांच त्याची मिती शोधण्याची खोड आयुष्यभर जडते. अस्सल कागद जितका जुना, तितका तेथें त्याचा मान अधिक. ह्या संवयीचा आम्हांस अभिमान होता आणि नेमके ह्याच ठिकाणीं आम्ही फसलों. तो प्रसंग सांगितल्यावांचून पुढील इतिहासाचें प्रयोजन वाचकांस कळावयाचें नाहीं.

रावेर तालुक्यांतील आमचा एक जुना विद्यार्थी, केळीचा बागाइतदार, कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे आला. डाव्या कुशींत जडपणा वाटे म्हणून त्यानें जळगांवीं रक्त तपासविलें, तों रक्ताच्या कर्करोगाचें निदान झालें. मुंबईस जाण्यास आठ दिवसांचा अवकाश होता. "सर, ह्या रोगावर मला कांहीं वाचावयास द्या. डॉक्टर बोलतात तें कानांत शिरतें, पण मनांत ठरत नाहीं," असें तो म्हणाला. आमच्या कपाटांत एका दिवंगत डॉक्टर स्नेह्यांकडून आलेला जाडजूड इंग्रजी वैद्यकग्रंथ होता. तो आम्हीं त्याच्या हवालीं केला. ग्रंथ भारदस्त, भाषा निःसंदिग्ध. योग्य वस्तु योग्य हातीं दिल्याचें समाधान आम्हांस वाटलें. आठ दिवस लोटले, महिना लोटला, दुसराही लोटला. तो मुंबईस गेला नाहीं. ग्रंथ परत करावयास आला तेव्हां म्हणाला, "सर, हिशेब लागला. तीन वर्षें, फार तर पांच. तेवढ्याकरितां बाग गहाण कशाला टाकूं?" ग्रंथांत तसेंच लिहिलें होतें, आणि ज्या वर्षीं लिहिलें त्या वर्षीं तें सत्यही होतें. आम्हीं पान उलटून साल पाहिलें. तें १९८३ होतें. मोडीच्या चिटोऱ्याची मिती लावण्यांत रात्री घालविणाऱ्या आम्हांस, जिवंत माणसाच्या हातीं ग्रंथ देतांना ती पाहण्याची शुद्ध राहिली नव्हती.

ह्या रोगाचा ग्रंथगत इतिहास फार जुना नाहीं. १८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूजेस बेनेट व बर्लिन येथें रुडॉल्फ फिर्खो ह्या दोघांनीं स्वतंत्रपणें, अशा रोगानें मेलेल्या माणसांच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. बेनेट यांस तो रक्तांत झालेला पू वाटला. फिर्खो त्या वेळीं अवघे चोवीस वर्षांचे. त्यांनीं तर्क आवरला आणि जें दिसलें तेंच नांव ठेविलें: पांढरें रक्त. १८४७ सालीं ह्याच दोन शब्दांस ग्रीक वेष चढवून त्यांनीं 'ल्युकेमिया' हें नांव रूढ केलें. ह्यानंतर शंभर वर्षें ग्रंथकारांनीं रोगाचें वर्णन अधिकाधिक बारकाईनें केलें, पण उपायाचें प्रकरण जवळजवळ कोरेंच राहिलें. सोमलानें व पुढें क्ष-किरणांनीं कांहीं काळ उतार पडे, इतकेंच. त्या शतकांत ज्यानें ग्रंथ उघडला त्यास ग्रंथानें खोटें सांगितलें असें नव्हे. ग्रंथाजवळ दुसरें कांहीं सांगण्यासारखें नव्हतें.

धन हा त्यावर उतारा नव्हता, हें टाटा घराण्याच्या उदाहरणानें मुंबईनें पाहिलें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १८ जून १९३१ रोजीं वेल्स प्रांतांतील एका रुग्णालयांत ह्याच रोगानें निवर्तल्या. १९३२ सालीं दोराबजींनीं त्यांच्या नांवें रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनास साहाय्य करणारा विश्वस्त निधि स्थापिला. आपली बहुतेक सर्व संपत्ति दुसऱ्या एका निधीस दिली. आणि पत्नीच्या समाधीच्या दर्शनास निघाले असतां ३ जून १९३२ रोजीं जर्मनींत त्यांचाही अंत झाला. त्या दुसऱ्या निधींतून परळ येथें उभें राहिलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९६२ सालीं तें अणुशक्ति खात्याकडे गेलें. त्या खात्याचे धुरीण डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होत.

खानदेशचा रोगी रात्रीच्या गाडीनें दादरास उतरून परळास जातो, तेव्हां ह्या इतिहासाच्या दुसऱ्या एका स्थळावरूनही तो जात असतो. रुग्णालयाच्या शेजारींच हाफकिन संस्था आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचें कारण शोधण्याकरितां मुंबईस आल्या. त्यांनीं शोध लाविला कीं, मार्माइट ह्या नांवानें बाजारांत मिळणारा स्वस्त यीस्टचा अर्क दिल्यास त्या बायकांचें रक्त सुधारतें. १९३१ सालीं हें प्रसिद्ध झालें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढें फॉलिक आम्ल ठरलें. भीमावरम् येथें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेंतील एका औषधसंस्थेंत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालीं १९४५ सालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांस तें देऊन पाहिलें, तों रोग उलट बळावला असें त्यांस वाटलें. जें रोगास पोसतें त्याचा विरोधी पदार्थ रोगास उपाशी मारील, हा विचार येथून निघाला. व तसा विरोधी पदार्थही सुब्बाराव यांच्या संस्थेनेंच पुरविला. १९४८ सालीं फार्बर यांनीं सोळा मुलांचा वृत्तान्त छापला; पैकीं दहांस उतार पडला होता. तो उतार कांहीं महिनेच टिकला. तथापि शंभर वर्षें कोरें असलेल्या प्रकरणांत पहिली ओळ त्या दिवशीं लिहिली गेली. त्याच वर्षीं ऑगस्टांत सुब्बाराव वारले.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या रोगाकडे वळूं. त्याचा प्रकार जुनाट व मंदगतीचा होता. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथील दोघां संशोधकांस ह्या रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळलें; १९७३ सालीं जॅनेट रौली यांनीं दाखविलें कीं, दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तें बनतें; आणि ह्या अदलाबदलीनें जें विकृत प्रथिन उत्पन्न होतें त्याचीच वाट अडविणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तीन ते पांच वर्षांचा हिशेब त्या वर्षीं संपला. आज हा रोग वेळींच ओळखला गेला व गोळी नियमानें घेतली, तर पुष्कळ रोगी जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात. गोळीच्या किमतीचा प्रश्न उरला होता. परदेशी कंपनीच्या गोळीस महिन्याकांठीं लाखाहून अधिक रुपये पडत, देशी गोळीस त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कंपनीस एकाधिकार नाकारला व देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला. बाग गहाण टाकावयाची नव्हती, ती ह्यामुळें. आणि आमचा तो ग्रंथ! तो ज्या वर्षाचा, त्याच वर्षीं, २० मार्च १९८३ रोजीं, परळच्या रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं एका लहान मुलीस तिच्या भावाची अस्थिमज्जा देऊन हिंदुस्थानांतील पहिलें तसलें रोपण केलें. ग्रंथाची शाई वाळत होती तोंच त्याचें वय होऊं लागलें होतें.

हा धोका एका ग्रंथापुरता नाहीं. केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकांतील. तेव्हां फार्बर यांचा प्रयोग वीस वर्षें दूर होता. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आमच्याच धुळें जिल्ह्यांतील पिंपळनेरचे. त्या कोशाचा पहिला खंड १९७६ चा, म्हणजे इमॅटिनिबच्या पंचवीस वर्षें आधींचा. दोनही कोशांपुढें आम्ही नतमस्तक आहों. परंतु रोग्यास आपलें भविष्य त्यांत पाहूं देणार नाहीं. सिद्धार्थ मुखर्जी यांनीं २०१० सालीं कर्करोगाचें बृहत् चरित्र इंग्रजींत लिहिलें. त्यास पुढील वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. ह्या विषयावर त्याहून वाचनीय इतिहास आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु रोग्याच्याच संरक्षक पेशींस शिकवून त्याच्या रक्तांत परत सोडण्याचा जो उपचार मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा स्मारक यांनीं सिद्ध केला, त्यास येथें मान्यता २०२३ सालीं मिळाली. मुखर्जींचा ग्रंथही आतां वयांत आला आहे. उलट, नवा ग्रंथ तेवढा खरा असेंही नाहीं. रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार अनेक. त्यांतील कांहीं आजही दारुण आहेत, आणि एकाची आशा दुसऱ्यास उसनी देणारीं पुस्तकें नित्य निघतात. म्हणून साल पाहावें व प्रकार पाहावा. दोहोंचा मेळ बसला तरच पान उलटावें.

मग ज्याचें वय होत नाहीं असा ग्रंथ रोग्यास नाहींच काय? आहे, व तो खानदेशांतच झाला आहे. ज्या १९३२ सालीं दोराबजींनीं आपला निधि स्थापिला, त्याच सालीं २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या काळांत दर रविवारीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा गीतेवर बोलत व साने गुरुजी तें टिपून घेत. 'गीताप्रवचनें' हा ग्रंथ असा जन्मला. सुटकेचा दिवस ज्यांच्या हातीं नाहीं अशा माणसांपुढें तें बोलणें झालें, आणि रोगी तरी वेगळ्या स्थितींत असतो काय? जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती; त्यांच्या ओव्या घरच्यांनीं उतरून ठेविल्या, व त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं त्या छापून निघाल्या. हे दोनही ग्रंथ बोलले गेले व जवळ बसलेल्या कोणी ते लिहून घेतले, हें आमच्या ध्यानांत इतक्या वर्षांत आलें नव्हतें. उपायाची माहिती देणारा ग्रंथ कालचाच असावा लागतो. सोबत देणारा ग्रंथ कितीही जुना चालतो. आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास पहिल्याच्या जागीं जुना दिला, आणि दुसरा दिलाच नाहीं.

तो अखेर मुंबईस गेला व औषध लागू पडलें. पण त्या दोन महिन्यांत त्यानें उत्तम बाग खंडानें देऊन टाकली होती. ती मोकळी व्हावयास तीन वर्षें लागलीं. त्याबद्दल तो आम्हांस कधीं बोलला नाहीं. मागील दिवाळींत आम्ही त्याच्या घरीं गेलों तेव्हां फडताळांत एक जाड वही दिसली. डॉक्टर जें जें सांगत तें त्याची मुलगी शेजारीं बसून लिहून घेई. गोळीचें प्रमाण, रक्ताचे आंकडे, विचारावयाचे प्रश्न, आणि मधूनच बापाचें एखादें वाक्य. आम्हीं ती चाळून पाहिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, मजकुराच्या आधीं, मिती घातलेली होती.